उजव्या भिंतीकडची दोन यंत्रे

डायलिसिस चालू असताना माझा डावा हात चार तास जागचा हलत नाही. मनगटाच्या वर फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, आहे, त्यात दोन जाड सुया टोचलेल्या असतात, आणि त्यांना जोडलेल्या नळ्यांतून रक्त बाहेर जाऊन पुन्हा आत येत राहते. उजव्या हाताने वर्तमानपत्र धरता येते, पण एका हाताने त्याची घडी उलगडत नाही, म्हणून पहिल्या महिन्यानंतर मी ते नेणेच सोडून दिले. मग उरते ते फक्त पाहणे. मी अडतीस वर्षे मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो; रेघ अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी ती डोळ्याला खटकावी, अशी सवय त्या कामाने लावली. त्याच सवयीने ऑगस्ट २०२१ पासून, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहाच्या पहिल्या शिफ्टला आमच्या डायलिसिस केंद्रात काय काय घडते ते मी पाहत आलो आहे.

केंद्र वडोदऱ्यातच आहे. बारा यंत्रे आहेत. त्यांपैकी दहा मोठ्या खोलीत समोरासमोर मांडलेली, आणि उजव्या भिंतीकडे पडद्याआड आणखी दोन, ज्यांवर लाल शाईने ‘पॉझिटिव्ह’ असे लिहून चिकटवलेले आहे. ज्यांना हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार, आहे त्यांना त्या दोन यंत्रांवर लावतात. पहिले दीड वर्ष त्या लाल अक्षरांकडे पाहून मला धीर वाटत असे. रोग पडद्यापलीकडे आहे आणि आपण अलीकडे आहोत, असे मी स्वतःला सांगत असे. माझ्या पत्नीलाही तेच सांगितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी स्वतः त्या पडद्यापलीकडे गेलो. ज्यांच्या घरातले कोणी डायलिसिसला जाते त्यांनी, जी गोष्ट मला उशिरा कळली ती वेळेवर जाणावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात अगदी साध्या आकड्याने झाली. दर महिन्याला होणाऱ्या रक्ततपासणीत माझा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, नेहमी १४ ते १८ च्या दरम्यान असायचा. जानेवारीत तो ५२ आला. प्रयोगशाळेच्या कागदावर वरची मर्यादा ४५ छापलेली असते, त्यामुळे ५२ पाहून कोणी घाबरत नाही; मीही घाबरलो नाही. आमच्या मूत्रपिंडतज्ज्ञ डॉक्टरांनी मात्र मागचे सहा कागद एकापुढे एक ठेवले आणि म्हणाल्या, “काका, छापलेली मर्यादा बघू नका, तुमचा स्वतःचा आकडा बघा.” डायलिसिसच्या रुग्णाचा एसजीपीटी मुळातच इतरांपेक्षा कमी असतो, त्यामुळे निरोगी माणसासाठी ठरवलेली मर्यादा त्याला लावली तर यकृताचा आजार नजरेतून निसटतो. अठराचे बावन्न होणे म्हणजे तिप्पट होणे. दर तीन महिन्यांनी होणारी हिपॅटायटिस सीची कार्ड टेस्ट त्याच आठवड्यात निगेटिव्ह आलेली असतानाही डॉक्टरांनी आरएनए तपासणी सांगितली. पाच दिवसांनी अहवाल आला. विषाणू होता, आणि त्याची संख्या लाखांत होती.

कार्ड निगेटिव्ह आणि आरएनए पॉझिटिव्ह हे एकाच वेळी कसे शक्य आहे, हे समजून घ्यायला मला दोन रात्री लागल्या. कार्ड टेस्ट काय किंवा एलायझा काय, ती रक्तातला विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी शोधते. संसर्ग झाल्यापासून ती तयार व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि डायलिसिसच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मंद असल्यामुळे कधी त्याहूनही उशीर होतो. आरएनए तपासणी प्रत्यक्ष विषाणू शोधते आणि संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांत सांगू शकते. माझे कार्ड पॉझिटिव्ह झाले ते मार्चच्या अखेरीस. म्हणजे डॉक्टरांनी तो एक आकडा ताडला नसता, तर विषाणू अंगात घेऊन आणखी किमान दोन महिने मी पडद्याच्या ‘स्वच्छ’ बाजूला बसलो असतो, आणि माझ्या आजूबाजूचे नऊ जण निर्धास्त राहिले असते.

हा विषाणू तसा अलीकडचा पाहुणा नव्हे, पण त्याची ओळख अलीकडची आहे. रक्त चढवल्यानंतर काही लोकांना कावीळ होते, ती ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही, एवढेच १९७० च्या दशकात माहीत होते, त्यामुळे तिला ‘ना ए, ना बी’ असेच म्हणत. हार्वे ऑल्टर यांनी ती रक्तातूनच पसरते हे दाखवले, मायकेल हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये विषाणू हुडकून काढला, आणि चार्ल्स राइस यांनी एकटा तोच विषाणू आजार घडवू शकतो हे सिद्ध केले. या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात रक्तपेढ्यांमध्ये त्याची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू ठाण मांडून होता आणि त्या एका वर्षात त्याने सुमारे २ लाख ४२ हजार माणसे नेली, मुख्यतः यकृत निबर होऊन किंवा यकृताच्या कर्करोगाने. बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. मला थकवा होता, पण डायलिसिसच्या कोणत्या रुग्णाला थकवा नसतो?

आता मुख्य प्रश्न. तो माझ्यापर्यंत आला कसा? मागच्या दोन वर्षांत मला रक्त चढवलेले नव्हते. दात काढलेला नव्हता, शस्त्रक्रिया झालेली नव्हती. डॉक्टरांच्या आग्रहामुळे आमच्या शिफ्टमधल्या सर्वांची आरएनए तपासणी झाली, तेव्हा आणखी दोघे पॉझिटिव्ह निघाले: पादऱ्याहून येणाऱ्या एक काकी आणि डभोईचा एक तरुण रिक्षाचालक. तिघांच्याही खाटा एका ओळीत होत्या, तिसरी, चौथी आणि पाचवी. केंद्राच्या व्यवस्थापकांना मी विचारले, तेव्हा “बाहेरून कुठून तरी आले असेल” एवढेच उत्तर मिळाले. पादऱ्याच्या काकी, डभोईचा रिक्षावाला आणि दांडिया बाजारातला मी, आम्हां तिघांचे ‘बाहेर’ कुठेही जुळत नाही. जुळते ते एकच ठिकाण, आणि ते म्हणजे ती ओळ.

यंत्रातून संसर्ग झाला असेल, असे सर्वांना वाटते, आणि म्हणूनच यंत्रे वेगळी करण्यावर सगळा भर असतो. पण जरा विचार केला तर यंत्राच्या आत रक्त जातच नाही. रक्त फिरते ते नळ्यांतून आणि रक्त गाळणाऱ्या डायलायझरमधून, ज्याला आम्ही रुग्ण सरळ ‘किडनी’ म्हणतो. त्या दोन्ही गोष्टी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. डायलायझरच्या पडद्याची छिद्रे या विषाणूपेक्षा लहान असतात, त्यामुळे पडदा शाबूत असेल तर विषाणू पलीकडच्या पाण्यात उतरत नाही. आमच्याकडे डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात. तिथे एकाचा दुसऱ्याला लागला तर धोका मोठाच, पण ज्याचा त्याला आणि नीट निर्जंतुक केलेला असेल तर पुनर्वापर हे मुख्य कारण ठरत नाही. विषाणू जातो तो यंत्राच्या बाहेरून: हातमोज्यांवरून, औषधाच्या बाटलीतून, ट्रॉलीवरून, खुर्चीच्या हातावरून, यंत्राच्या बटणावरून. खोलीच्या साध्या तापमानाला पृष्ठभागावर पडलेल्या रक्तात तो सहा आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, आणि तेवढे रक्त डोळ्याला दिसलेच पाहिजे असे नाही. दर मिनिटाला अडीचशे मिलिलिटर धरले तरी चार तासांत एका माणसाचे साठ लिटर रक्त पंपातून फिरते. त्यातला एक थेंब कुठे उडाला तर तो टिपायला कोण बसले आहे? घरी पोटातून डायलिसिस करणाऱ्यांमध्ये हा संसर्ग बराच कमी आढळतो, आणि हिमोडायलिसिसवर, म्हणजे आमच्यासारख्या यंत्रावरच्या डायलिसिसवर, जितकी वर्षे जास्त तितके त्याचे प्रमाण वाढत जाते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की बोट कुठे दाखवायचे ते स्पष्ट होते.

मी काय पाहिले ते सांगतो. नोव्हेंबर किंवा डिसेंबर २०२२ मधली सकाळ. पाचव्या खाटेवरच्या रुग्णाची सुई काढून टेक्निशियन मुलगा बोटांनी जागा दाबून धरून उभा होता. तेवढ्यात माझ्या यंत्राचा गजर वाजू लागला. त्याने डावा हात तसाच दाबून ठेवला, उजवा हात लांब करून माझ्या यंत्राच्या पडद्यावरचे आवाज बंद करायचे बटण दाबले, आणि पुन्हा वळला. हातमोजा तोच. पडद्याच्या खालच्या कडेला मसुरीच्या डाळीएवढा तपकिरी ठिपका उमटला. पुढच्या दोन तासांत त्याच कडेला तीन जणांचे हात लागले. त्यांतल्या एकाने नंतर माझ्या नळीच्या तोंडाला सिरिंज लावून, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन सोडले. तो ठिपका पुढच्या शिफ्टपर्यंत तिथेच होता. त्या दिवशी मी गप्प बसलो. बोलायला हवे होते, हे मी आज स्वतःपाशी कबूल करतो. पण ज्याच्या हाती आपल्या दोन्ही सुया आहेत त्याला टोकायला जीभ उचलत नाही, हेही तितकेच खरे.

हेपॅरिनची बाटली हा दुसरा प्रकार. ती पाच मिलिलिटरची असते आणि एका रुग्णाला एका वेळी तेवढे लागत नाही, त्यामुळे तीच बाटली पाच-सहा जणांना पुरवतात. औषध वेगळ्या स्वच्छ टेबलावर, दर वेळी नव्या सुईने आणि नव्या सिरिंजने काढून, भरलेली सिरिंज तेवढी रुग्णापाशी नेली, तर त्यात धोका नाही. आमच्याकडे मात्र ट्रॉलीच खाटेखाटेने फिरत असे, आणि त्याच ट्रॉलीवर एका बाजूला रक्ताने भिजलेला कापूस आणि दुसऱ्या बाजूला उघडी बाटली असे. वापरलेली सिरिंज पुन्हा बाटलीत एकदा जरी गेली तरी बाटली दूषित होते आणि तिच्यातून पुढे जाणारा प्रत्येक थेंब संशयास्पद ठरतो. गुजरातेत हे कोणाला नव्याने सांगायला नको. २००९ मध्ये मोडाशात हिपॅटायटिस बीची जी भयंकर साथ आली, ती वापरलेल्या सुया आणि सिरिंजांमुळेच पसरली होती.

तिसरी गोष्ट शिफ्ट बदलण्याची. पहिली शिफ्ट दहा-सव्वादहाला उतरते आणि दुसरी साडेदहाला लागते. मधल्या वीस मिनिटांत खाट, यंत्राचा पुढचा भाग, ट्रे, रक्तदाबाचा पट्टा हे सगळे एक टक्का हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुसून वाळू द्यायचे असते, आणि तेही आधीचा रुग्ण खाटेवरून उठून गेल्यानंतर. प्रत्यक्षात मी खाटेवर पाय खाली सोडून चक्कर थांबण्याची वाट पाहत बसलेलो असे आणि माझ्या मागे कोणी फडका फिरवत असे. यंत्राला जिथे दाबाची नळी जोडतात तिथे एक छोटी पांढरी चकती असते, रक्त मागे आले तर ते आत शिरू नये म्हणून. ती रक्ताने ओली झाली तर लगेच बदलायची आणि यंत्राच्या तोंडाशी रक्त पोहोचले आहे का ते तपासायचे, असा नियम आहे. ती लाल झालेली मी दोनदा पाहिली, बदललेली एकदाच.

हे लिहिताना त्या मुलाचा चेहरा माझ्यासमोर आहे, आणि त्याच्यावर अन्याय होऊ नये असे मला मनापासून वाटते. एकाच वेळी पाच यंत्रे त्याच्याकडे असत. पहाटे साडेपाचला येऊन तो रात्री नऊला घरी जात असे, कारण दुसरा टेक्निशियन नोकरी सोडून गेला होता. त्याच्या आईला बरे नसताना त्याने सुट्टी मागितली आणि ती मिळाली नाही, हे त्याने मलाच सांगितले होते. हातमोज्यांचे खोके कुलपात असे आणि दिवसाला मोजून मिळत. अशा ठिकाणी हात धुण्याचे फलक कितीही लावले तरी हात धुतले जात नाहीत. माझी तक्रार ज्यांनी ती मोजदाद ठरवली त्यांच्याविषयी आहे.

मी पॉझिटिव्ह निघाल्यावर केंद्राने तत्परतेने जी एकच गोष्ट केली, ती म्हणजे आम्हां तिघांना मोठ्या खोलीतून हलवणे. बाकी ट्रॉली, बाटली, हातमोजे सारे होते तसेच राहिले. पडद्यापलीकडेही तोच टेक्निशियन येई आणि तिथून उठून मोठ्या खोलीत जाई. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी खोली, यंत्र आणि माणसे वेगळी ठेवावीत, हे सर्वमान्य आहे. तो विषाणू फार चिवट आणि फार संसर्गजन्य असतो, आणि त्याची लस उपलब्ध आहे. सीवर लस नाही. पण सीच्या बाबतीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००१ मध्येच सांगितले की केवळ त्यासाठी रुग्णाला वेगळे ठेवण्याची किंवा यंत्र राखून ठेवण्याची गरज नाही. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत प्रत्येक वेळी स्वच्छतेचे नियम पाळले की पुरे. मूत्रपिंडविकारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी केडिगो ही आंतरराष्ट्रीय संस्थाही हेच म्हणते. जानेवारी २०१६ मध्ये त्याच अमेरिकन केंद्राला डायलिसिस केंद्रांत वाढणाऱ्या हिपॅटायटिस सीबद्दल तातडीची सूचना काढावी लागली, आणि तीतही भर होता तो हात, इंजेक्शने आणि पृष्ठभाग यांवर. आपल्याकडे यंत्रे वेगळी ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि जिथे माणसे अपुरी आहेत तिथे ती मोडावी असे मी म्हणत नाही. पण लाल पट्टी लावली की बाकीच्या दहा यंत्रांवर हातमोजे न बदलता चालते, अशी जी नकळत समजूत होते, तिने आमचा घात केला. ज्याचे कार्ड अजून पॉझिटिव्ह झालेले नाही तो रुग्ण नेहमी त्या दहा यंत्रांपैकी एकावरच बसलेला असतो.

उजव्या भिंतीकडे जाण्याचा आणखी एक अर्थ होता. पॉझिटिव्ह यंत्रे दोनच, त्यामुळे माझी सकाळची शिफ्ट गेली आणि दुपारी चारची मिळाली; घरी पोहोचायला रात्रीचे साडेनऊ वाजत. डभोईच्या मुलाला तिथे जागाच उरली नाही. त्याला दुसरे केंद्र शोधायला सांगितले, आणि तिथे त्याने आपला आरएनएचा अहवाल दाखवलाच नाही, जुने निगेटिव्ह कार्ड दाखवले. हे मला त्याने स्वतः फोनवर सांगितले आणि सांगताना तो रडला. तीन सीटिंग चुकली असती तर पाणी छातीत भरले असते, असे तो म्हणाला, आणि त्यात खोटे काहीच नव्हते. त्याला दोष देणे सोपे आहे. पण खरे सांगितल्यावर खाट मिळणार नसेल, तर माणसे खरे सांगणार नाहीत, आणि मग लाल पट्टीचा उपयोग उरतोच किती? आमच्या डॉक्टरांनी नव्या केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून त्याची गाठ उपचारांशी घालून दिली, तेव्हा कुठे मला झोप लागली.

घरात फारसे बदलावे लागले नाही. एकत्र जेवल्याने, एका भांड्यातले पाणी प्यायल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने हा आजार पसरत नाही. तरीही वाड्यातल्या एका सत्यनारायणाला मला प्रसाद लांबून दिला गेला. त्या बाईंना माझ्या पत्नीने दुसऱ्या दिवशी घरी बोलावून चहा पाजला आणि सगळे समजावून सांगितले, तो विषय तिथेच मिटला. दाढीचे ब्लेड, नखे कापण्याचे यंत्र आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवायचा, हे माहीत होते. जे लक्षात आले नव्हते ते डॉक्टरांनी विचारले: “साखर कशाने तपासता?” मला आणि पत्नीला दोघांनाही मधुमेह आहे, आणि बोटाला टोचायचे पेन आम्ही दोघे एकच वापरत होतो. सुई बदलत असू, पण पेनचे टोपण तेच. त्या क्षणी तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. तिची तपासणी निगेटिव्ह आली. सहा महिन्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. आता घरात दोन पेने आहेत, तिचे हिरवे आणि माझे निळे.

उपचारांविषयी मात्र आनंदाने लिहावे असे बरेच आहे. पूर्वी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हिरिन देत. मूत्रपिंडाच्या रुग्णाला रिबाव्हिरिनने रक्तपेशी फुटून पंडुरोग वाढे आणि इंटरफेरॉन सोसत नसे, म्हणून आमच्यासारख्यांना बहुधा औषधाविनाच ठेवत. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर आले, तेव्हा अमेरिकेत बारा आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती. पुढच्याच वर्षी भारतातल्या कंपन्यांना ते बनवण्याचा परवाना मिळाला आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. डायलिसिसवर ते द्यावे की नाही याबद्दल बराच काळ शंका होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मात्रा न बदलता ते देण्यास मान्यता दिली, आणि तो अडसर दूर झाला. आपल्या सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत मिळतात. मला त्या शहरातल्या सरकारी रुग्णालयातून मिळाल्या, एक पैसाही न देता, आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी दर महिन्याला तारीख लिहून हातात दिली.

रोज एक गोळी, सोफोस्बुव्हिर आणि वेल्पाटास्व्हिर एकत्र असलेली, बारा आठवडे. डायलिसिसच्या दिवशी ती घरी आल्यावर घ्यायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. एक गोष्ट इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून नोंदवतो: आम्हां बहुतेकांना सकाळी आम्लपित्ताची गोळी चालू असते, आणि तिच्यामुळे वेल्पाटास्व्हिर पोटात नीट शोषले जात नाही. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची चिठ्ठी आधी डॉक्टरांना दाखवावी. मार्चच्या मध्यावर सुरू केलेल्या गोळ्या जूनच्या सुरुवातीला संपल्या. एसजीपीटी चौथ्या आठवड्यातच पुन्हा १६ वर आला. पण बरे झालो हे ठरते ते गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेल्या आरएनए तपासणीने. ती सप्टेंबरात झाली आणि अहवाल गणपती यायच्या चार दिवस आधी आला: ‘विषाणू आढळला नाही.’ शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक लोकांना हे शब्द वाचायला मिळतात. ते शब्द मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले, आणि तिने मखराच्या कागदाला लावायला घेतलेली कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी अहवाल घेऊन केंद्रात गेलो, मोठ्या खोलीतली माझी खाट परत द्या म्हणून. नकार मिळाला. “काका, तुमचे कार्ड अजून पॉझिटिव्हच येते आहे ना!” येणारच. प्रतिपिंडे बरे झाल्यावरही रक्तात राहतात, बहुधा जन्मभर. देवी येऊन गेल्यावर चेहऱ्यावर वण राहत, म्हणून कोणी त्या माणसाला अजून देवीचा रोगी म्हणत नसे. यातला खरा धोका वेगळाच होता: प्रतिपिंडे राहिली तरी ती संरक्षण देत नाहीत, हा संसर्ग पुन्हा होऊ शकतो. आणि मला ठेवले होते ज्या दोन यंत्रांवर, तिथे आधीच्या शिफ्टला दोन असे रुग्ण बसत ज्यांनी अजून औषध सुरू केलेले नव्हते. म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाला, त्याच्याच भल्याच्या नावाखाली, सबंध इमारतीतल्या सर्वांत जोखमीच्या जागी बसवले होते.

मी अर्ज लिहिला. त्याला तीनही अहवाल जोडले, डॉक्टरांचे पत्र जोडले, आणि माझ्या जुन्या सवयीप्रमाणे खोलीचा मापात आराखडा काढून जोडला, ज्यात तिसरी, चौथी आणि पाचवी खाट, ट्रॉलीचा मार्ग आणि हात धुण्याचे बेसिन दाखवले होते. बेसिन माझ्या खाटेपासून अकरा मीटरवर होते. टेक्निशियनने प्रत्येक रुग्णानंतर तिथे जाऊन यायचे म्हटले तर एका शिफ्टमध्ये त्याची किती पावले होतात, तेही मांडले. मागण्या थोड्याच होत्या: विभागणी करायचीच असेल तर ती आरएनएवर करा, कार्डवर विसंबू नका आणि दर सहा महिन्यांनी सर्वांची आरएनए तपासणी करा, प्रत्येक दोन खाटांमध्ये हात निर्जंतुक करायचे द्रव आणि हातमोज्यांचे खोके ठेवा, कुलूप न लावता, औषधे काढण्यासाठी खोलीबाहेर टेबल ठेवा आणि ट्रॉली फिरवणे बंद करा. काकींनी अंगठा उठवला, आणखी अकरा जणांनी सह्या केल्या. दोघांनी केल्या नाहीत, आणि त्यांची भीती मी समजू शकतो.

उत्तर यायला सात आठवडे लागले. दिवाळी होऊन गेल्यावर मला सकाळची शिफ्ट आणि चौथी खाट परत मिळाली, काकींना तिसरी. हातमोज्यांचे खोके आता भिंतीला अडकवलेले आहेत. हेपॅरिन पलीकडच्या खोलीत भरून आणतात. बेसिन अजून अकरा मीटरवरच आहे, आणि शिफ्टमधली वीस मिनिटे तेवढीच आहेत, त्यामुळे खाटेवरून उतरल्यावर मी लगेच निघत नाही. पुढच्या रुग्णासाठी खाट पुसून वाळेपर्यंत मी उभा राहतो, आणि आता कोणी घाई करत नाही. गजर वाजला आणि समोरून हात आला की मी एवढेच म्हणतो, “बेटा, हातमोजे.” पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडला होता. आता तो मुलगा स्वतःच दोन्ही हात वर करून दाखवतो आणि जुने काढून डब्यात टाकतो.

लाल पट्ट्या उजव्या भिंतीवर आहेतच. आमच्या फायलींच्या पहिल्या पानावर मात्र एक नवा रकाना आखला आहे, आरएनएची तारीख आणि निकाल यांसाठी. तो रकाना थोडा वाकडा आखलेला आहे, पट्टी न घेता, हाताने. माझ्या पानावर त्यात आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत, आणि तिन्ही वेळा ‘आढळला नाही’ असे लिहिले आहे. पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. काकींची आणि माझी एकाच दिवशी.